राउटरच्या फर्मवेअरचा हॅश जुळत नाही, किंवा जुळतो तरी शंका जात नाही

शनिवारी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फोटो आला. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत चौसष्ट अक्षरांची रांग, शेजारी वहीच्या पानावर निळ्या पेनाने उतरवून घेतलेली दुसरी रांग, आणि खाली एकच ओळ: "दादा, जुळंना झालंय. तसंच मारू का?" म्हणजे हॅश न जुळताही फाइल राउटरवर टाकू का.

आमच्याकडे नव्याने लागलेला पोरगा. मिरजेतली एक पॅथॉलॉजी लॅब बंद झाल्यावर तिथला राउटर अपग्रेड करायला गेला होता. राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी६, त्यावर ओपनडब्ल्यूआरटीची (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकायचं खुलं, मोफत फर्मवेअर) जुनी आवृत्ती होती, ती नवी करायची. "मारू नको" एवढं लिहिलं आणि फोन लावला.

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आणि हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला ठसा, फाइलीत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. कधी हॅश जुळत नाही, कधी राउटरच फाइल घेत नाही, कधी सगळं जुळतं पण फाइल कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून उचललेली असते. तीन दुखणी तीन प्रकारची आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच औषध मागतात: फोर्स, म्हणजे तपासणी डावलून फाइल टाकणं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी राउटर पालथा करा

फाइल खरी आहे का हे बघण्याआधी ती आपल्या राउटरची आहे का ते बघा. खोक्यावरचं नाव धरू नका. दुरुस्तीवाल्याकडून आलेल्या राउटरचं खोकं त्याचंच असेल असं नाही. बुडाच्या स्टिकरवर मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती असते, मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवा.

आर्चर सी६ हेच उदाहरण घ्या. आवृत्ती २ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, आवृत्ती ३ मध्ये मीडियाटेकची. बाहेरून नाव तेच, आत दोन निराळे राउटर. त्यातही आवृत्ती २ ची ओपनडब्ल्यूआरटीमध्ये दोन वेगळी रूपं आहेत, एक अमेरिकेसाठी विकलेल्या राउटरचं आणि एक युरोपातल्यासाठी. फाइलींची नावं शेवटच्या दोन अक्षरांपुरती वेगळी. स्टिकरवर दशांश असेल तर टीपी-लिंक स्वतः पहिला आकडा महत्त्वाचा मानते, पण ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पुढचा आकडाही तपासलेला बरा.

आणि फाइलीच्या दोन प्रकारांपैकी फॅक्टरी की सिसअपग्रेड? कंपनीचं मूळ फर्मवेअर असेल तर फॅक्टरी, आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर सिसअपग्रेड. एवढं पुरे.

हॅश जुळत नाही

पोरगा घाबरला होता तो 'कुणीतरी फाइलमध्ये काहीतरी घातलंय' म्हणून. असं होऊ शकतं. पण माझ्या अनुभवात न जुळणाऱ्या हॅशमागे बहुतेक वेळा आपलाच घोळ असतो: चुकीची फाइल, अर्धवट फाइल, किंवा चुकीच्या रांगेशी तुलना. हल्लेखोर शोधायच्या आधी घर झाडून घ्यावं.

फोटोतली रांग ई३बी०सी४४२ अशी सुरू होत होती. ही आठ अक्षरं मला तोंडपाठ आहेत, कारण रिकाम्या फाइलचा शा-२५६ या पद्धतीचा हॅश जगात कुठेही काढला तरी तिथूनच सुरू होतो. त्याला म्हटलं, "फाइलची साइज बघ." तो म्हणाला, "झिरो केबी दिसतंय." ऑफिसात डाउनलोड केली, पेनड्राइव्हवर टाकली आणि इजेक्ट न करता ओढून काढली. पेनड्राइव्हवर नाव तेवढं उमटलं, पोटात काही नाही. लॅपटॉपने इमानदारीत रिकाम्या फाइलचा हॅश काढून दिला होता, आणि वहीत उतरवलेला हॅशही बरोबरच होता.

तेव्हा पहिला नियम साइजचा. या वर्गातल्या राउटरची फाइल साधारण पाच ते सोळा एमबीच्या घरात असते. शून्य दिसलं तर वरची कथा. चाळीस-पन्नास केबी दिसलं तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सुरुवातीलाच एचटीएमएल असं दिसलं तर तुम्ही फर्मवेअरऐवजी वेबपान उतरवलंय. गिटहबवर फाइलच्या नावावर उजवं क्लिक करून 'सेव्ह' म्हणणारे हमखास यात अडकतात. हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर लॉगिन न करता कमांडने डाउनलोड केलं, तर लॉगिनचं पानच फर्मवेअरच्या डॉट बिन नावाने येऊन बसतं.

मग हॅश कशाचा काढला ते बघा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडला हॅशफाइल म्हणून फाइल दिली आणि पुढे शा-२५६ लिहायला विसरलात, तर ते गुपचूप शा-१ काढून देतं. चाळीस अक्षरं आली की ओळखायचं. बत्तीस आली तर एमडी५, चौसष्ट आली तर शा-२५६. पॉवरशेलमधलं गेट-फाइलहॅश मात्र आपणहून शा-२५६ काढतं, फक्त कॅपिटल अक्षरांत. कॅपिटल आणि स्मॉलने फरक पडत नाही. लिनक्सवर शा-२५६-सम आहेच, मॅकवर शा-सम, त्याला २५६ वेगळं सांगावं लागतं.

झिपचा घोळ निराळा. कंपनीने दिलेला हॅश कधी झिपचा असतो, कधी आतल्या बिनचा, आणि पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसतं. दोन्ही काढून बघा. मॅकवर सफारी स्वतःच झिप सोडवून ठेवते, मग झिपचा हॅश काढायला झिपच उरत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाने यापायी एकच फाइल चार वेळा उतरवली होती.

डाउनलोड फोल्डरमध्ये तेच नाव तीनदा असेल, एकापुढे कंसात १, दुसऱ्यापुढे कंसात २, तर तपासताय पहिली आणि टाकणार तिसरी असं होतं. तिन्ही पुसा, एकदाच नव्याने उतरवा.

ओपनडब्ल्यूआरटीची स्नॅपशॉट (अजून घडत असलेल्या, चाचणीच्या आवृत्तीची) फाइल असेल तर आणखी एक गंमत. स्नॅपशॉट पुन्हा पुन्हा नव्याने बनत राहतात. काल उतरवलेली फाइल आज उघडलेल्या हॅशच्या यादीशी जुळणारच नाही, त्यात कुणाची लबाडी नाही. फाइल आणि यादी एकाच बैठकीत उतरवा. गिऱ्हाइकाच्या राउटरवर स्नॅपशॉट टाकूच नका, हे माझं मत. ज्याला हौस आहे त्याने घरच्या राउटरवर टाकावं.

जुन्या पद्धतीने टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) फाइल ढकलत असाल तर बायनरी मोड लावलाय ना ते बघा. विंडोजच्या टीएफटीपीला त्यासाठी 'आय'चा पर्याय द्यावा लागतो. टेक्स्ट मोडमध्ये वाटेत काही बाइट बदलतात. मूळ फाइल चांगली, पोचलेली बिघडलेली.

पेनाने वहीत उतरवून हॅश ताडू नका. मी पोरग्याला ओरडलो ते यासाठीच. दोन्ही रांगा नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा, किंवा यादीची फाइल उतरवून शा-२५६-समच्या चेक पर्यायाला द्या. यादीत शेकडो फाइली असतात, म्हणून सोबत 'इग्नोर-मिसिंग'ही लावा, नाहीतर तुमच्याकडे नसलेल्या प्रत्येक फाइलबद्दल तक्रार येईल आणि तुमची एक 'ओके' त्यात हरवेल. पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर हॅश पुन्हा काढायचा, पेनड्राइव्हवरच्याच फाइलचा.

एवढं सगळं करूनही जुळला नाही तर फाइल टाकून द्या, दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नव्याने उतरवा. तरी तोच चुकीचा हॅश आला तर थांबा. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच चुकीची फाइल येतेय, म्हणजे वाटेतला बिघाड संपला. आता एकतर यादी जुनी आहे किंवा फाइल खरोखर बदललेली आहे. दोन्ही परिस्थितीत ती राउटरवर जाता कामा नये.

जुळला, मग झालं का?

हॅश जुळला म्हणजे यादीत जे लिहिलंय तेच तुमच्या हातात आलं. यादी कोणी लिहिली ते हॅश सांगत नाही. फाइल आणि हॅश एकाच पानावर असतील आणि ते पानच कुणी ताब्यात घेतलं असेल, तर तो दोन्ही बदलेल आणि तुमच्याकडे सगळं गोडीगुलाबीने जुळेल.

म्हणून डिजिटल सही लागते: बनवणारा आपल्या खासगी चावीने ती करतो, आणि आपण त्याच्या सार्वजनिक चावीने ती तपासतो. ओपनडब्ल्यूआरटी हॅशच्या यादीवर सही करतं, प्रत्येक फाइलवर वेगळी नाही. यादीशेजारी एएससी आणि एसआयजी अशा शेपटीच्या दोन फाइली असतात. एएससी ही जीपीजीसाठी, म्हणजे सही तपासणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. पायऱ्या दोनच: आधी सही वापरून यादी खरी ठरवायची, मग यादी वापरून फाइल. लोक दुसरी करतात आणि पहिली सोडतात.

जीपीजीचे निरोप वाचताना गोंधळ होतो, म्हणून सांगतो. 'नो पब्लिक की' म्हणजे तुमच्याकडे त्यांची चावीच नाही, अजून काहीच तपासलं गेलेलं नाही. 'गुड सिग्नेचर' येऊन खाली लांबलचक इशारा आला की या चावीवर विश्वासाची नोंद नाही, तर घाबरू नका. सही त्याच चावीची आहे, पण ती चावी ओपनडब्ल्यूआरटीचीच का, हे जीपीजीला ठाऊक नाही. ते तुम्ही बघायचं. चावीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख सांगणारी अक्षरांची रांग) ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाच्या सह्यांच्या पानावरून आणि त्यांच्या गिटमधल्या (कोडच्या कोठारातल्या) कीरिंगमधून, अशा दोन ठिकाणांहून पूर्ण ताडा. एकदाच करायचं काम आहे, पुढच्या वेळी तीच चावी चालते. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र चर्चा बंद, यादी फेका.

हॅशची शेवटची चार अक्षरं बघितली, जुळली, झालं, असं म्हणणारे मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. ओपनडब्ल्यूआरटीची एक सेवा आहे, अटेंडेड सिसअपग्रेड. तुम्हाला हवी ती पॅकेजेस (जादा प्रोग्रॅम) घालून तुमच्यापुरती फाइल ती बनवून देते. फ्लॅट सिक्युरिटीच्या र्योताके या संशोधकाला त्यात दिसलं की एकाच मागणीची फाइल पुन्हा बनवायला लागू नये म्हणून सर्व्हर मागणीचा शा-२५६ काढतो, पण चौसष्टपैकी पहिली बाराच अक्षरं वापरतो. बारा अक्षरं म्हणजे ४८ बिट. बारा अक्षरं जुळणाऱ्या दोन वेगळ्या मागण्या बाजारात मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर शोधता येतात. त्याच सेवेत आणखी एक भोक होतं, पॅकेजच्या नावातून सर्व्हरवर कमांड चालवता येत होती. दोन्ही जोडली की चांगल्या माणसाने मागितलेल्या फाइलच्या जागी हल्लेखोराची फाइल देता आली असती. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-५४१४३ या क्रमांकाने ते नोंदलं गेलं. टीमने चटकन सेवा बंद करून दुरुस्ती केली. डाउनलोडच्या मुख्य साइटवरच्या तयार फाइलींना त्याची झळ नव्हती. सर्व्हरने बारा अक्षरं बघितली तर इतका गोंधळ. तुम्ही चार बघता.

त्याआधी २०२० मध्ये याच प्रकल्पात उलटा प्रकार घडला होता. पॅकेज उतरवणाऱ्या ओपीकेजीमध्ये यादीतल्या हॅशच्या आधी एक स्पेस असली की तपासणीच व्हायची नाही, आणि ओपीकेजी तसं सांगायचंही नाही. ग्विडो व्रॅन्केन यांना ते सापडलं. ही चूक फेब्रुवारी २०१७ पासून तिथेच होती. एक स्पेस! तेव्हापासून मला एक सवय लागली: तपासणीचं नवं हत्यार हातात घेतलं की आधी त्याला मुद्दाम खोटी फाइल द्यायची. फाइलची कॉपी काढा, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) मधलंच एक अक्षर बदला, आणि तपासायला लावा. 'ओके' म्हणालं तर ते हत्यार तपासत नाही, नुसती मान डोलावतंय.

सहीलाही मर्यादा आहे, ती चावीइतकीच खरी. २०१५ मध्ये डी-लिंकच्या एका कॅमेऱ्याच्या खुल्या फर्मवेअर पॅकेजमध्येच कंपनीची सॉफ्टवेअरवर सही करायची खासगी चावी सापडली होती. घराची किल्ली पायपुसण्याखाली तर ठेवतातच, यांनी ती पत्रिकेसोबत वाटली.

राउटर म्हणतो, ही फाइल चालणार नाही

ही तक्रार हॅशची नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या फाइलच्या शेपटीला ती कुठल्या राउटरसाठी आहे याची नोंद चिकटवलेली असते. राउटर ती वाचतो आणि आपलं नाव नसेल तर नाकारतो. 'ही माझी का?' एवढंच तो विचारतो, 'तुला कोणी बनवलं?' हे विचारत नाही. म्हणून त्याने फाइल घेतली म्हणजे फाइल निर्धोक, हा अर्थ काढू नका. आणि नाकारली म्हणजे राउटर उगाच अडून बसलाय, असाही काढू नका. नाकारली तर पहिल्या पायरीवर, स्टिकरवर परत जा.

फोर्स खरोखर चालतो अशी एक जागा आहे. निरोपात 'डिव्हाइस सपोर्टेड आहे पण कॉन्फिग जुळत नाही' असं असेल आणि पुढे १.० ते १.१ असे आकडे असतील, तर फाइल तुमचीच आहे, बदललीय ती आतल्या स्विचची मांडणी. २१.०२ च्या सुमारास बऱ्याच राउटरांना हे झालं. तिथे जुनी सेटिंग राखण्याची खूण काढायची आणि मग फोर्स. सेटिंग उडेल, ती आधी लिहून ठेवा. पीपीपीओईचा (इंटरनेट कंपनीच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड विशेषतः, कारण तो रात्री अकराला कुणी सांगत नाही.

लुसीच्या, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगच्या वेबपानावरून फाइल चढवली की लगेच टाकली जात नाही. आधी एक खिडकी येते आणि त्यात चढलेल्या फाइलची साइज आणि शा-२५६ दिसतो. ही सगळ्यात मोलाची जागा आहे, कारण हा हॅश लॅपटॉपवरच्या फाइलचा नसून राउटरच्या मेमरीत पोचलेल्या फाइलचा असतो. लोक तिथे 'कंटिन्यू' दाबतात. तुम्ही तो हॅश कॉपी करून यादीशी ताडा, मग दाबा.

टेलिग्रामवरची 'अनलॉक' फाइल

फायबरवाल्याने दिलेल्या डब्यासाठी अशा फाइली फिरत असतात. त्यांचा अधिकृत हॅश कुठेच नसतो, त्यामुळे तपासायलाच काही नाही. 'मी टाकली, मस्त चालतेय' ही तपासणी नव्हे. शिवाय त्या डब्यात कनेक्शनची ओळख असते आणि कंपनी तो दुरून हाकत असते. त्यात बाजारातल्या मॉडेलची फाइल घातली तर उद्या लाइट लाल आणि कस्टमर केअरच्या रांगेत तुम्ही. स्वतःचा राउटर हवा असेल तर डबा ब्रिज मोडला (डबा फक्त लाइन पुढे देतो) लावून घ्या आणि मागे आपला राउटर जोडा.

बदललेलं फर्मवेअर काय करतं हे मे २०२३ मध्ये चेक पॉइंटने दाखवलं. कॅमारो ड्रॅगन नाव दिलेल्या टोळीने टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर९४० च्या फाइलीत हॉर्स शेल नावाचा मागचा दरवाजा घातला होता. दुरून कमांड चालवणं, फाइली नेणं-आणणं, दुसऱ्याची रहदारी आपल्या राउटरमधून वळवणं, सगळं त्यात. मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली ती साधी होती: राउटरच्या वेबपानावरचा फर्मवेअर अपग्रेडचा फॉर्मच त्यांनी अदृश्य करून ठेवला होता. पान उघडायचं, फाइल निवडायची जागा दिसायचीच नाही. तुमच्याकडे असं कधी दिसलं तर ब्राउझरला दोष देऊन पुढे जाऊ नका.

टाकून बसलोय, आता?

रीसेटचं बटण दाबून सुटका नाही. रीसेट सेटिंग पुसतो. फर्मवेअर तसंच राहतं, आणि त्यातलं जे काही असेल तेही. अपग्रेडच्या पानावरून नवी फाइल टाकली तरी ती लिहिण्याचं काम आत बसलेलं संशयित फर्मवेअरच करणार. त्यामुळे बूटलोडरची, म्हणजे फर्मवेअरच्या आधी चालू होणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची वाट धरायची. आर्चर सी६ आवृत्ती २ ला लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा, तपासलेल्या फाइलला 'टीपी रिकव्हरी' शेवट असलेलं ठरलेलं नाव द्यायचं आणि रीसेट दाबून धरून राउटर चालू करायचा. दुसऱ्या मॉडेलला पत्ता आणि नाव वेगळं असतं. लॅपटॉपचं वायफाय आणि फायरवॉल बंद ठेवा. मधे एखादा साधा स्विच लावा. नाहीतर राउटर जागा होताना केबलची जोडणी क्षणभर तुटते, लॅपटॉप सावरेपर्यंत बूटलोडर वाट बघून पुढे निघून गेलेला असतो.

त्यानंतर राउटरचा, वायफायचा, पीपीपीओईचा पासवर्ड बदला, आणि घरातल्या उपकरणांत डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) कोणता आलाय ते बघा. बूटलोडरच बदलला असेल अशी शंका असेल तर हजार-दोन हजारांचा राउटर वाचवण्यात रात्र घालवू नका.

पोरग्याने मोबाइलचा हॉटस्पॉट लावून फाइल पुन्हा उतरवली. लुसीच्या खिडकीतला हॅश आणि यादीतला हॅश नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवून स्क्रीनशॉट पाठवला. मी "मार" म्हटलं. पावणेबाराला लॅबचा प्रिंटर नेटवर्कवर दिसला, आणि त्याने विचारलं, "दादा, पेनड्राइव्ह फेकून देऊ का?" नको म्हटलं, फक्त इजेक्ट करत जा.